कॅमेऱ्याचे डोळे विकू नका!

मंडळी, आज जरा भांडायचं आहे.

एरवी मी इथे पावसावर, पुस्तकांवर, जुन्या विद्यार्थ्यांवर लिहितो. आजचा विषय थोडा तांत्रिक आहे. आकडे आहेत, वजाबाकी आहे, एक-दोन भागाकारही आहेत. पण ज्यांच्या माळ्यावर किंवा लोखंडी कपाटात जुना, फिल्मवर चालणारा मूव्ही कॅमेरा पडून आहे त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचावं ही विनंती. आपल्या नात्यातच अशी दोन घरं मला ठाऊक आहेत. (नावं घेत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळलं!)

भांडण असं. हल्ली ८ मिमी, सुपर ८ आणि १६ मिमीचे जुने मूव्ही कॅमेरे शोधत काही व्यापारी घरोघर पोचतात. त्यांना कॅमेरा नको असतो. त्यांना त्याच्या तोंडावरची बोटाच्या पेराएवढी लेन्स हवी असते. ती आट्यांवर बसलेली असते, फिरवली की निघते. ती खिशात टाकायची, चार पैसे हातावर ठेवायचे आणि म्हणायचं, "कॅमेरा तुम्हीच ठेवा, शोकेसमध्ये छान दिसेल." कोणी कुरकुर केलीच तर ठेवणीतलं उत्तर तयार असतं: "अहो, पुढे कधी चालवायचा झालाच तर अडॅप्टर मिळतो की! स्टिल कॅमेऱ्याची कुठलीही लेन्स बसते."

हे उत्तर अर्धं खरं आहे. वर्गात मला साफ खोटं बोलणाऱ्या मुलापेक्षा अर्धं खरं सांगणाऱ्या मुलाचा जास्त त्रास व्हायचा, कारण त्याला पकडायला वेळ लागतो. इथेही तसंच आहे. स्टिल लेन्स बसते, हे खरं. ती काढून नेलेल्या लेन्सची जागा घेते, हे खोटं. आजचा सगळा लेख एवढंच दाखवण्यासाठी आहे.

आता "तुम्ही मराठीचे मास्तर, तुम्हाला यातलं काय कळतं?" असं कोणी विचारेल. रास्त आहे. मी मराठी घेऊन बी.ए. झालेला माणूस. पण विज्ञानाचे सर रजेवर गेले की भिंगांचा धडा माझ्या गळ्यात पडायचा, आणि तो मला इतका आवडला की निवृत्तीनंतर फंडाच्या पैशातून मी एक जुना रशियन क्रास्नोगोर्स्क-३ हा १६ मिमीचा कॅमेरा घेतला. (आमच्या हिला किंमत आजतागायत सांगितलेली नाही. तीही हे वाचते, त्यामुळे इथेही सांगत नाही.) तेव्हा सांगतो ते हाताळून सांगतो.

आधी अडॅप्टरची बाजू मांडतो, कारण मी अडॅप्टरच्या विरोधात मुळीच नाही. उलट पक्का समर्थक आहे.

प्रत्येक कॅमेऱ्यात लेन्स जिथे टेकते त्या कड्यापासून फिल्मपर्यंतचं अंतर कारखान्यातच ठरलेलं असतं. त्याला फ्लँज अंतर म्हणतात. मी आपला त्याला बैठक म्हणतो. निकॉनच्या एफ पद्धतीच्या स्टिल कॅमेऱ्याची बैठक ४६.५ मिमी. जुन्या पेंटॅक्स, प्रॅक्टिका, झेनिट या कॅमेऱ्यांवर ४२ मिमी व्यासाच्या आट्यांची लेन्स बसते, त्यांची बैठक ४५.४६ मिमी. एवढी का? कारण या कॅमेऱ्यांत लेन्स आणि फिल्म यांच्यामध्ये आरसा असतो, आणि त्याला उघडझाप करायला जागा लागते. याउलट १६ मिमीच्या पुष्कळ कॅमेऱ्यांवर आणि काही सुपर ८ कॅमेऱ्यांवर जो सी माउंट असतो, म्हणजे १ इंची आटे, त्याची बैठक १७.५२६ मिमी. ८ मिमीच्या छोट्या कॅमेऱ्यांवरच्या डी माउंटची तर अवघी १२.२९ मिमी.

आता वजाबाकी करा. ४५.४६ मधून १७.५२६ गेले, उरले २७.९३४. म्हणजे एका टोकाला ४२ मिमीचे आटे, दुसऱ्या टोकाला १ इंची आटे आणि मध्ये जेमतेम २८ मिमीची पोकळ नळी. झाला अडॅप्टर! आत भिंग नाही, वीज नाही, काही नाही. बाजारात तयार मिळतो, आणि लेथवर बसणारा चांगला टर्नर असेल तर ॲल्युमिनियमच्या तुकड्यातून करूनही देतो. डी माउंटसाठी हीच नळी ३३.१७ मिमीची लागेल.

हे जमतं त्याचं कारण सोपं आहे. ठेंगण्या माणसाला पाटावर उभं करून उंच करता येतं, उंच माणसाला जमिनीत पुरून ठेंगणं करता येत नाही. लांब बैठकीची लेन्स आखूड बैठकीच्या कॅमेऱ्यावर पाट देऊन बसते. आखूड बैठकीची लेन्स लांब बैठकीच्या कॅमेऱ्यावर बसवायची तर ती कॅमेऱ्याच्या पोटात शिरवावी लागेल, आणि तिथे आरसा आहे.

ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण व्यापारी आज आपल्या दारात का उभा आहे, त्याचं उत्तर यातच आहे. इतकी वर्षं मूव्ही कॅमेऱ्याची छोटी लेन्स स्टिल कॅमेऱ्यावर बसतच नव्हती, म्हणून ती सुखरूप होती. २००८ साली पॅनासॉनिकचा जी१ आला, पहिला मायक्रो फोर थर्ड्स कॅमेरा. त्यात आरसा काढून टाकला होता आणि बैठक १९.२५ मिमीवर आणली होती. तोंड पुरेसं रुंद असल्याने सी माउंटची लेन्स पावणेदोन मिमी आत बुडवून त्यावर बसू लागली. २०११ साली पेंटॅक्स क्यू आला, बैठक ९.२ मिमी. मग डी माउंटच्या इवल्याशा लेन्सनाही गिऱ्हाईक मिळालं. माळ्यावर निवांत झोपलेल्या कॅमेऱ्यांची झोप तेव्हापासून उडाली.

गंमत अशी, की १६ मिमीची लेन्स साधारण १०.३ × ७.५ मिमीच्या चौकटीसाठी केलेली. मायक्रो फोर थर्ड्सचा सेन्सर १७.३ × १३ मिमीचा. साहजिकच पुष्कळ लेन्सच्या चित्राचे कोपरे काळे पडतात. लहान मुलाचा सदरा मोठ्याने घातला आणि पोट उघडं पडलं, तर आपण त्याला काय म्हणू? इथे त्याला 'व्हिंटेज लुक' म्हणतात! म्हणजे जिथे लेन्स नेमकी पुरत होती तो कॅमेरा आंधळा केला, आणि जिथे पुरत नाही तिथे नेऊन त्या न पुरण्याचंच कौतुक.

असो.

आता दुसऱ्या टोकाचे लोक. यांना मी सोवळेकरी म्हणतो. त्यांच्या मते मूव्ही कॅमेऱ्यावर स्टिल लेन्स लावणं हाच भ्रष्टाचार. सिनेमाची लेन्स ती सिनेमाची, फोटोची ती फोटोची, एकमेकींना शिवायचं नाही. त्यांच्यामुळे पहिल्या मंडळींचं फावतं. यांचं सोवळं ऐकून सामान्य माणूस कंटाळतो आणि "जाऊ दे, विकून टाकू" म्हणतो.

सोवळेकऱ्यांना इतिहास सांगायला हवा. ज्या ३५ मिमी स्टिल फोटोग्राफीच्या लेन्स ते अस्पृश्य मानतात, तिचा जन्मच सिनेमाच्या फिल्मवर झाला. ओस्कार बार्नाक यांनी सिनेमाची फिल्म आडवी धरली, १८ × २४ मिमीची चौकट दुप्पट करून २४ × ३६ केली, आणि १९२५ साली लायका बाजारात आली. पुढे त्याच लायट्झ कंपनीने लायसिना स्पेशल नावाचा सुपर ८ कॅमेरा काढला, तर त्याला लायकाच्या स्टिल लेन्सचाच बेयोनेट दिला. माझ्या क्रास्नोगोर्स्कलाही कारखान्यातूनच ४२ मिमीचे आटे आहेत. झेनिटची ५८ मिमीची हेलिओस त्यावर अडॅप्टरशिवाय थेट बसते. बनवणाऱ्यांना जे विटाळ वाटलं नाही, ते तुम्हाला का वाटावं?

आणि मोठ्या पडद्यावरचं उदाहरण हवं असेल तर स्टॅन्ली कुब्रिकचा 'बॅरी लिंडन' घ्या, १९७५ सालचा. मेणबत्तीच्या उजेडात चित्रण करायचं म्हणून त्याने झाइसची ५० मिमी, एफ ०.७ ही लेन्स वापरली. ती सिनेमासाठी नव्हे, नासासाठी, स्थिर छायाचित्रांसाठी बनवलेली होती. तिचं मागचं भिंग फिल्मच्या इतकं जवळ यावं लागे, की एड डिज्युलिओ यांना मिचेल कॅमेराच कापून-कोरून घ्यावा लागला. कॅमेरा ३५ मिमीचा होता हे मान्य, पण तत्त्व तेच. लेन्सला जात नसते. अंतर बरोबर असलं की ती कुठेही पाहते.

सोवळेकऱ्यांचा एक मुद्दा मात्र मानला पाहिजे. ८ मिमीची चौकट साडेचार-पाच मिमी रुंद. ती भिंतीवर सव्वा मीटर दाखवायची म्हणजे अडीचशेपटीहून जास्त मोठी होते. स्टिलची ३६ मिमीची स्लाइड तेवढ्याच भिंतीवर फक्त पस्तीसपट मोठी होते. साहजिकच लेन्समधला बारीकसा दोषही छोट्या फिल्मवर कितीतरी जास्त दिसतो. शिवाय स्टिल लेन्स मोठं वर्तुळ उजळते, आपण त्यातला मधला कणभर भाग घेतो, आणि उरलेला प्रकाश नळीत इकडेतिकडे आपटून चित्र फिकं करतो. यावर उपाय साधे आहेत. झूमऐवजी चांगली, एकाच नाभीय अंतराची लेन्स घ्यावी. एफ ५.६ च्या आसपास वापरावी. नळी आतून काळ्या मॅट रंगाने रंगवावी आणि पुढे हुड लावावं. लेन्सचा मधला भाग हाच तिचा सर्वात उत्तम भाग असतो, आणि आपल्याला तोच मिळतो. तेव्हा दोष आहेत, पण ते बहिष्कार घालण्याइतके नाहीत.

आता मूळ खोटेपणाकडे येतो. अडॅप्टर विकणारे आणि लेन्स नेणारे एक वाक्य हमखास बोलतात: "८ मिमीवर लावली की तुमची ५० ची लेन्स ३५० होते!" सुपर ८ असेल तर "३०० होते". ऐकणाऱ्याला वाटतं, लॉटरी लागली.

इथे मराठीचा मास्तर जागा होतो. 'होते' हे क्रियापद चुकीचं आहे. लेन्स काहीही होत नाही. ५० ची लेन्स कुठेही लावा, ती ५० चीच राहते. नाभीय अंतर हा भिंगाचा गुण आहे, मागे कोणती फिल्म आहे हे भिंगाला ठाऊकच नसतं. विश्वास नसेल तर चंद्राकडे पाहा. फिल्मवर चंद्राचं चित्र किती मोठं पडेल हे काढायचं असेल तर नाभीय अंतराला साधारण ११० ने भागायचं. १३५ मिमीची लेन्स असेल तर चंद्र सव्वा मिमीचा पडतो. स्टिल कॅमेऱ्यावर सव्वा मिमी आणि ८ मिमीच्या कॅमेऱ्यावरही सव्वाच. फरक एवढाच, की २४ मिमी उंचीच्या चौकटीत तो सव्वा मिमीचा चंद्र टिकलीएवढा दिसतो, आणि साडेतीन मिमी उंचीच्या चौकटीत तो उंचीचा तिसरा हिस्सा व्यापतो. चंद्र वाढला नाही. आजूबाजूचं आकाश कापलं गेलं.

'होते' म्हणण्याऐवजी 'कापते' म्हणा, की सगळा हिशेब स्वच्छ दिसतो. हे कापणं कधी आपल्या फायद्याचं असतं, कधी तोट्याचं. पलीकडच्या काठावरचा बगळा टिपायचा असेल, देवळाच्या कळसावरची पताका टिपायची असेल, तर फायद्याचं. तिथे १३५ ची स्टिल लेन्स आणि मजबूत तिवई यांच्यासारखं सुख नाही. १६ मिमीच्या काळात वन्यप्राण्यांचं चित्रण करणारे लोक लांब पल्ल्याच्या स्टिल लेन्स वापरत आले ते उगाच नाही.

पण बगळे टिपायला घरचे मूव्ही कॅमेरे घेतले होते का कोणी? ते घेतले होते घरची माणसं टिपायला. आणि माणसं असतात खोलीत.

हा हिशेब जरूर करून पाहा, पाचवीच्या गणितापलीकडे काही नाही. जेवढ्या अंतरावर माणूस बसला आहे त्याला चौकटीच्या रुंदीने गुणायचं आणि नाभीय अंतराने भागायचं, म्हणजे दिसणारी रुंदी मिळते. ८ मिमीच्या कॅमेऱ्याची चौकट ४.८ मिमी रुंद आणि ३.५ मिमी उंच धरा. समोर ३ मीटरवर, म्हणजे दहा फुटांवर, सत्यनारायणाच्या पूजेला जोडपं बसलंय. कॅमेऱ्याची स्वतःची १३ मिमीची लेन्स असेल तर १.१ मीटर रुंदी दिसते. दोघं व्यवस्थित मावतात, जरा मागे सरकलं तर चौरंगही येतो.

आता ती १३ ची लेन्स व्यापाऱ्याने नेली आणि तिच्या जागी अडॅप्टर लावून ५० ची स्टिल लेन्स बसवली. दहा फुटांवर दिसणार २९ सेंटिमीटर रुंद आणि २१ सेंटिमीटर उंच. एकट्या नवऱ्याचा चेहरासुद्धा पुरता मावत नाही, कपाळ तरी जातं नाहीतर हनुवटी! बरं, स्टिलवाले जिला 'वाइड' म्हणतात ती २८ ची लावा. रुंदी मिळते ५१ सेंटिमीटर. जोडप्यातलं एकच जण. दोघांना घ्यायचं तर २८ च्या लेन्सला साडेसहा मीटर मागे जावं लागेल आणि ५० च्या लेन्सला साडेअकरा मीटर, म्हणजे ३८ फूट. आपल्यापैकी कोणाच्या घराचं माजघर ३८ फूट लांब आहे? माझ्या घरात तर साडेसहा मीटर मागे सरकलो तर मी शेजारच्यांच्या स्वयंपाकघरात पोचेन.

"अहो, स्टिलमध्ये १४ मिमीच्याही लेन्स असतात" असं एखादा जाणकार म्हणेल. असतात. पुढचं भिंग वाटीएवढं, वजन आणि किंमत दोन्ही भरपूर. म्हणजे पेराएवढ्या लेन्सचं काम करायला वाटीएवढी लेन्स आणायची, तीही कॅमेऱ्याच्या तोंडावर लोंबकळणारी. व्यापाऱ्याने दिलेल्या पैशांत ती येईल का, हे त्यालाच विचारा.

आणि एवढं करूनही ती नीट फोकस होईलच असं नाही. इथे आणखी एक आकडा सांगतो, जो मला स्वतःला फार उद्बोधक वाटला. अडॅप्टरची नळी हव्या त्या लांबीपेक्षा ०.१ मिमीने जाड झाली असं समजा. हा आपल्या पोस्टकार्डाच्या जाडीहूनही लहान फरक आहे. तर ५० मिमीच्या लेन्सवरची 'अनंत' ही खूण प्रत्यक्षात २५ मीटरवर फोकस करते. (नाभीय अंतराचा वर्ग भागिले चूक: २५०० भागिले ०.१.) म्हणजे डोंगर थोडा मऊ दिसेल, पण जवळची सगळी कामं होतील. म्हणूनच मी टर्नरला सांगतो, केसभर आखूड ठेव पण जाड नको. आखूड असली की रिंग थोडी मागे फिरवून काम भागतं. आता हीच चूक १३ मिमीच्या लेन्सवर करा. १६९ भागिले ०.१. अनंताची खूण पावणेदोन मीटरवर येऊन बसते! दाराबाहेरचं सगळं जगच धूसर. आणि रिंग फिरवून दुरुस्त करावं म्हटलं, तर ८ मिमीच्या पुष्कळ कॅमेऱ्यांत लेन्समधून पाहायची सोयच नसते. दृश्य दिसतं ते बाजूच्या वेगळ्या खिडकीतून, फोकस लावायचा तो आकड्यांवर विसंबून.

म्हणजे लांब लेन्स ही उदार असते, मोजमापात थोडं मागेपुढे झालं तरी सांभाळून घेते. आखूड लेन्स काटेकोर असते. तिची बैठक कारखान्यात त्या कॅमेऱ्याच्या जातीसाठी शतांश मिमीपर्यंत जुळवलेली असते. बोलेक्सच्या १६ मिमी रिफ्लेक्स कॅमेऱ्यांतही हाच अनुभव आहे. त्यांत लेन्सच्या मागे लोलक असतो, म्हणून ५० मिमीहून आखूड लेन्स खास त्या कॅमेऱ्यासाठी केलेल्या वापराव्या लागतात. ५० आणि त्याहून लांब मात्र इतर चालतात. तेव्हा अडॅप्टर जे देतो ते सगळं लांबचं असतं. कॅमेऱ्याची जवळची, घरातली नजर एकदा गेली की तो ती परत आणू शकत नाही. आणि व्यापारी नेमकी तीच नजर काढून नेतो.

गेल्या महिन्यात भाचीचा फोन आला. तिच्या सासऱ्यांचा बोलेक्सचा ८ मिमीचा कॅमेरा आहे, पुढे फिरत्या तबकडीवर लेन्स बसवलेला. त्यांनी १९६० च्या दशकात घरची लग्नं, बारशी, गणपती त्यावर घेतले. रिळं बिस्किटांच्या डब्यात आहेत. एक गृहस्थ आले होते, फार अदबीने बोलले, आणि १३ आणि ३६ मिमीच्या दोन्ही लेन्सना बरी रक्कम सांगितली. कॅमेऱ्याचं ओझं तुमच्यावर नको म्हणाले नाहीत, उलट तो 'आठवण म्हणून' ठेवा म्हणाले. "मामा, देऊ का? तसाही बंदच आहे."

मी विचारलं, "बंद म्हणजे? चावी देऊन पाहिलीस?" नव्हती पाहिली. फोन चालू ठेवून तिने चावी दिली, बटण दाबलं. मला इकडे घरघर ऐकू आली. एकसारखी, न अडखळता, पुरी चावी उतरेपर्यंत.

मी एवढंच म्हटलं, "बाई, हा बंद नाही. याला फक्त कोणी चालवत नाही."

आता यावर दोन आक्षेप येणार, ते आधीच घेतो.

पहिला: "लेन्स दुसऱ्या कॅमेऱ्यावर वापरात तर येते ना? माळ्यावर कुजण्यापेक्षा बरं नाही का?" कॅमेरा खरोखर मेला असेल, स्प्रिंग तुटली असेल, गंजून दात झिजले असतील किंवा बॅटरी फुटून आतली यंत्रणा खाल्ली गेली असेल, तर जरूर लेन्स द्या. ते नेत्रदान झालं, आणि नेत्रदानासारखं पुण्य नाही. पण नेत्रदान मेल्यावर करतात. घरघर ऐकू येत असताना डोळे काढण्याला दान म्हणत नाहीत.

दुसरा: "फिल्म कुठे मिळते आता? कोण चालवणार?" हे मी २००९ पासून ऐकतोय. त्या वर्षी कोडॅकने कोडाक्रोम बंद केली. २०१० च्या अखेरीस ती धुणाऱ्या अमेरिकेतल्या शेवटच्या प्रयोगशाळेनेही रिळं घेणं थांबवलं, आणि सगळ्यांनी फिल्मच्या नावाने अंघोळ केली. पण २०१८ साली कोडॅकने एक्टाक्रोम परत आणली, तीही सुपर ८ च्या कार्ट्रिजमध्येसुद्धा. सुपर ८ आणि १६ मिमीच्या फिल्म ती कंपनी आजही बनवते. स्वस्त नाहीत, हे कबूल. सुपर ८ चं एक कार्ट्रिज ५० फुटांचं, सेकंदाला १८ चित्रं घेतली तर ३ मिनिटं २० सेकंद चालतं. रोज कोणी चालवणार नाही. पण वर्षातून एकदा, घरातल्या एखाद्या मोठ्या दिवशी, तीन मिनिटं? आपण वर्षातून एकदाच काढतो अशा किती वस्तू घरात असतात. चांदीची ताटं, आजीचा शालू, गौरींचे मुखवटे. त्यांना कोणी 'बंद' म्हणत नाही.

आणि हेही पाहा. कोडॅकने २०१६ साली नवा सुपर ८ कॅमेरा जाहीर केला. तो प्रत्यक्ष विक्रीला यायला २०२३ संपत आलं, आणि किंमत ठेवली ५,४९५ डॉलर. त्या कोऱ्या कॅमेऱ्याच्या तोंडावर कोणता माउंट आहे? तोच जुना सी माउंट, १ इंची आट्यांचा. म्हणजे आज ज्यांना भंगार समजून लोक उचकटतायत, ते आटे अजून चालू आहेत.

तेव्हा माझं म्हणणं साधं आहे. कॅमेरा आपला आहे, विकायचा असेल तर खुशाल विका. पण आख्खा विका, लेन्ससकट, आणि जो चालवणार आहे त्याला विका. फक्त लेन्स मागणाऱ्याला हात जोडा. ठेवायचा असेल तर वर्षाकाठी दोनदा चावी देऊन रिकामा चालवा, चावी पूर्ण उतरू द्या, लेन्सला टोपण घाला, दमट हवेत बुरशी धरते म्हणून कोरड्या जागी ठेवा. बॅटरीचा असेल तर बॅटऱ्या आजच्या आज काढा.

आणि हौस असेल तर अडॅप्टरही जरूर घ्या. घरातली जुनी स्टिल लेन्स लावा, तिवईवर ठेवा, बगळे टिपा, चंद्र टिपा. तिवई लेन्सच्या वजनाला आधार देईल अशी असू द्या, नाहीतर छोट्या कॅमेऱ्याचे आटे कुरकुरतात. तबकडीचा कॅमेरा असेल तर अडॅप्टर शेजारच्या लेन्सला घासत नाही ना, ते आधी पाहा. पण ही लेन्स जोडीला म्हणून आणा, मूळ लेन्स बाजूला डबीत नीट ठेवून. परगावी जाताना चष्मा बदलतो, तसं. डोळे देऊन दुर्बीण घेतं का कोणी?

ज्या दोन घरांचा वर उल्लेख केला, त्यांनी येत्या रविवारी माळ्यावर चढावं. चावी देऊन पाहावी. घरघर आली तर मला फोन करावा. नाही आली तरी करावा, टर्नर माझ्या ओळखीचा आहे.